हिशेब पुरा

सुब्राय, वैशाखाच्या शेवटच्या आठवड्यात
मी तुझा हिशेब पुरा केला.
एकशे छत्तीस दिवस, वजा चार तापाचे,
ते चारही नंतर धरलेच मी.
पाकिटात नोटा, वर सुटी नाणी,
कुमट्यापर्यंतचं गाडीभाडं वेगळं.
तू दोनदा मोजलेस
आणि काही बोलला नाहीस.

दादा असते तर असं झालं नसतं.
दादा पंधरा दिवसांचे पैसे मागं ठेवायचे,
वहीत तुझ्या नावापुढं एक टिंब देऊन.
माणूस भरतीच्या पाण्यासारखा, म्हणायचे,
मानशीचं दार वेळेवर पाडलं नाही
तर आला तसा निघून जातो.
आगरवाड्यात सगळेच असं करतात.
कोणी त्याला अडवणूक म्हणत नाही.
म्हणतात, खूण.

मला ते टिंब लहानपणापासून बोचायचं.
वही माझ्या हातात आली
तेव्हा पहिलं तेच खोडलं,
आणि मनातल्या मनात
स्वतःची पाठ थोपटून घेतली.

तुझी फळी मांगरात आडवी टांगली होती.
दांड्यावर तुझ्या हातांचा काळा पट्टा,
एक वरती, एक खालती,
मधलं लाकूड अजून पांढरं.
दिवाळी झाली. शापोऱ्याचं पाणी
जिभेला पुन्हा खारट लागू लागलं.
शेजारी गुणाजीच्या आगरात माणसं उतरली,
राहिलेले पंधरा दिवस मागायला आलेली,
ती तशीच गुडघाभर चिखलात शिरली.
आमच्या मांगरात बेडूक.

कशाच्या जोरावर बोलावू तुला?
रोज वाढवीन. पत्रे नवे घालीन.
पंखा लावीन, चुलीऐवजी गॅस देईन.
भांडी घासताना म्हणून पाहिलं हे सगळं.
सगळं खरंच होतं,
पण दुकानावरच्या पाटीसारखं ऐकू आलं.

मग एका रात्री तुझाच फोन.
मागं टीव्हीवर कन्नडमधलं भांडण.
'ताई, एक विचारतो, राग नका धरू.
गेल्या वर्षी माझं काय चुकलं?'
कुठं काय चुकलं?
'नाही, तुम्ही पैसे पुरे दिलात.
नागी म्हणाली, पुरे दिले म्हणजे नको म्हणाले.
मोठ्या मालकांनी एकोणीस वर्षांत
कधीच पुरे दिले नाहीत.'

मी ओट्यावर बसले.
जे मला इतकी वर्षं कुलूप वाटत होतं
ते तुमच्या घरात
दाराशी काढून ठेवलेल्या चपला होतं:
म्हणजे माणूस आहे, जाऊन यायचाय.

दादांचं बरोबर होतं असं नाही, सुब्राय.
तुझे पैसे तुझेच, ते मी ठेवणार नाही.
पण हे फोनवर कसं सांगायचं,
मध्ये टीव्ही, मध्ये कारवारचा अख्खा किनारा?
मी एवढंच म्हटलं,
तापोवणीचा बांध खेकड्यांनी पोखरलाय.
इथली पोरं चिखल थापतात, तो बसत नाही.
तू टाचेनं दाबतोस तसं कोणाला येत नाही.
मलाही नाही.

बराच वेळ नुसतं टीव्हीवरचं भांडण.
मग, 'कुठला कोपरा? माडाकडचा?'
माडाकडचा.
'तिथं नुसता चिखल नाही चालत. पेंढा लागतो.
पेंढा आहे?'
आणते.
'भिजवून ठेवा. दोन दिवस.
आणि त्या पोरांना म्हणावं, हात लावू नका.'

आज दुसरा दिवस.
अंगणात घमेल्यात पेंढा भिजतोय,
घरभर त्याचा आंबूस वास.
रोज वाढवलाय, ते तू आल्यावर सांगेन.
वहीत नवं पान काढलं, तुझं नाव लिहिलं.
टिंब दिलं नाही.
पुढं जागा सोडली आहे बोटभर.
वैशाखात तूच सांग
तिथं काय लिहायचं ते.